अठ्ठेचाळीस तास मिळवून देणारं औषध

आठवा महिना लागलाय, पोट वरचेवर दगडासारखं कडक होतंय आणि डॉक्टरांनी कळा थांबवायची गोळी लिहून दिली आहे. ती घेतली तर बाळाला काही होणार नाही ना? नालासोपाऱ्याच्या चाळीतून आलेली मुलगी हे विचारते, आगाशीच्या वाडीतून आलेली विचारते, विरारच्या नव्या टॉवरमध्ये राहणारी, बँकेत नोकरी करणारीही विचारते. प्रश्न अगदी रास्त आहे. पण उत्तर शोधायला निघालं की पहिल्याच पावलाला एक गोष्ट कळते, जी बहुतेकींना कुणी सांगितलेलीच नसते. वेळेआधी सुरू झालेल्या खऱ्या कळा कायमच्या थांबवणारं औषध आजवर कुणालाही सापडलेलं नाही. जी औषधं आहेत ती बाळंतपण पुढे ढकलतात, तेही साधारण दोन दिवस, फार तर आठवडाभर.

एवढंच? हो, एवढंच. पण त्या दोन दिवसांत काय काय घडवून आणता येतं हे कळलं, की त्यांची किंमत दिवसांत मोजावीशी वाटत नाही.

पोटातल्या बाळाच्या फुप्फुसांपासून सुरुवात करू, कारण सगळं तिथेच येऊन ठेपतं. गर्भात ही फुप्फुसं द्रवाने भरलेली असतात. प्राणवायू वारेतून आणि नाळेतून मिळत असतो, त्यामुळे श्वासाची गरजच नसते. जन्माच्या क्षणी मात्र काही मिनिटांत सगळी व्यवस्था बदलावी लागते. द्रव शरीरात शोषला जातो, हवेच्या लक्षावधी सूक्ष्म पिशव्या पहिल्यांदा फुगतात. आणि इथे भौतिकशास्त्र आडवं येतं. या पिशव्या आतून ओल्या असतात. पाण्याच्या पातळ थराला पृष्ठताण असतो आणि तो ताण प्रत्येक उच्छ्वासाला पिशवी मिटवून टाकायला बघतो. मिटलेली पिशवी पुन्हा उघडायला जी ताकद लागते ती दीड-दोन किलोच्या जिवात कुठून येणार? निसर्गाने यावर तोड काढली आहे. फुप्फुसातल्या काही पेशी सर्फॅक्टंट नावाचं एक स्निग्ध द्रव्य बनवतात, ते ओल्या थरावर पसरतं आणि ताण कमी करतं. फक्त हे द्रव्य पुरेसं जमायला वेळ लागतो. साधारण ३४-३५ आठवड्यांपर्यंत ते बहुतेक बाळांत पुरेसं जमलेलं असतं.

अकाली जन्मलेली बाळं श्वासाविना का जातात, याचं हे कारण मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ साली दाखवून दिलं. चारच वर्षांनी, ऑगस्ट १९६३मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन जवळपास २.१ किलो. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाचे सगळे डॉक्टर दिमतीला असताना तो ३९ तासांत गेला. आज तेवढ्याच दिवसांचं आणि तेवढ्याच वजनाचं बाळ नवजात शिशु कक्षाची सोय असलेल्या रुग्णालयात जन्मलं तर त्याच्या जगण्याची आशा फार मोठी असते. साठ वर्षांत हे अंतर कापलं गेलं, आणि त्यातला एक मोठा टप्पा न्यूझीलंडच्या मेंढ्यांनी गाठून दिला.

ऑकलंडमधले प्रसूतितज्ज्ञ ग्रॅहम लिगिन्स यांना एक साधा वाटणारा प्रश्न पडला होता. बाळंतपण सुरू करतं कोण, आई की बाळ? त्यांनी मेंढ्यांवर प्रयोग केले. कोकराच्या मेंदूतली पियुषिका ग्रंथी निकामी केली तर मेंढीचे दिवस भरून गेले तरी कळा येईनात. उलट पोटातल्या कोकराला कॉर्टिसोलच्या जातीचं स्टेरॉइड दिलं की कळा लवकर सुरू होत. म्हणजे मेंढ्यांत तरी, बाहेर येण्याची वेळ झाली हे आईला कोकरूच कळवतं! हे एवढंच शोधून थांबले असते तरी लिगिन्स यांचं नाव राहिलं असतं. पण असं स्टेरॉइड दिलेलं, फारच लवकर जन्मलेलं एक कोकरू श्वास घेताना त्यांना दिसलं. त्याच्या वयाच्या कोकराची फुप्फुसं हवा धरूच शकत नाहीत. तपासल्यावर दिसलं की त्याच्या फुप्फुसांत खरोखरच हवा शिरली होती. ज्या संप्रेरकाने कळा सुरू केल्या त्यानेच फुप्फुसं पिकवायलाही घेतली होती. बाहेर जाण्याचा निरोप आणि बाहेरच्या हवेची तयारी, दोन्ही एकाच रेणूकडून. मला हे वाचून प्रत्येक वेळी नव्याने थक्क व्हायला होतं.

पुढे लिगिन्स यांनी बालरोगतज्ज्ञ रॉस होवी यांच्यासोबत ऑकलंडमध्ये २८२ मातांवर चाचणी केली. अर्ध्या जणींना बीटामेथासोनची इंजेक्शनं, अर्ध्यांना नाही. १९७२ साली निष्कर्ष छापून आले. अवचित कळा सुरू होऊन जन्मलेल्या बाळांत पहिल्या दिवसांतले मृत्यू १५ टक्क्यांवरून ३.२ टक्क्यांवर आले होते. श्वासाचा गंभीर त्रास २५.८ टक्क्यांऐवजी ९ टक्के. आणि सगळ्यात बोलका तपशील हा, की फायदा मुख्यत्वे ३२ आठवड्यांच्या आतल्या बाळांत दिसला, तोही इंजेक्शनानंतर किमान २४ तास पोटात राहिलेल्यांत.

इथे कळा थांबवण्याच्या औषधाला त्याचं खरं काम मिळालं. स्टेरॉइडचा परिणाम दिसायला एक दिवस लागतो, पुरता व्हायला दोन. तेवढा वेळ कळांना थोपवून धरायचं. बाळंतपण टाळायचं नाही, त्याला अठ्ठेचाळीस तास उशीर करायचा. लिगिन्स आणि होवी यांनी यासाठी काय वापरलं असेल? सलाइनमधून अल्कोहोल! दारूने मेंदूतून येणारं ऑक्सिटोसिन कमी होतं, म्हणून त्या काळी बायकांना कळा थांबवायला शिरेतून अल्कोहोल देत. आईला नशा, उलट्या, डोकेदुखी. बाळाच्या रक्तातही तेच. नंतर ही पद्धत सोडून देण्यात आली.

गर्भाशय हा एरवी शांत स्नायू आहे. त्याच्या पेशी मधूनमधून आपापल्या परीने आकसतात. जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टरने १८७२मध्ये ज्यांचं वर्णन केलं त्या खोट्या कळा अशाच, विखुरलेल्या आणि अनियमित. कूस बदलली, पाणी प्यायलं, लघवीला जाऊन आलं की विरणाऱ्या. खऱ्या कळांच्या आधी मात्र या पेशींच्या भिंतींत एकमेकींना जोडणाऱ्या बारीक वाटा तयार होतात. मग एका पेशीतला विजेचा इशारा दुसरीत, दुसरीतून तिसरीत जातो. गणपतीच्या मिरवणुकीआधी ढोल-ताशा पथकातले वादक आपापला ढोल नुसता वाजवून बघत असतात, आणि ताशाचा इशारा आला की शंभर ढोलांचा एकच ठोका पडतो, तसं ते होतं. प्रत्येक ठोक्यासाठी पेशीत कॅल्शियम शिरावं लागतं, प्रोस्टाग्लँडिन गर्भपिशवीचं तोंड मऊ करतं आणि ऑक्सिटोसिन जोर वाढवतं.

कळा थांबवणारं प्रत्येक औषध या साखळीची एकेक कडी धरतं. निफेडिपिन ही खरं तर रक्तदाबाची गोळी. ती पेशीत कॅल्शियम शिरण्याचं दार बंद करते. अटोसिबान ऑक्सिटोसिनच्या जागी जाऊन बसतं. इंडोमेथासिन प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाही. आणि आपल्याकडे सर्वांत ओळखीचं असलेलं आयसॉक्सुप्रिन, म्हणजे कितीतरी फायलींमध्ये दिसणारी डुवाडिलानची गोळी, ते अ‍ॅड्रिनॅलिनसारखं वागून स्नायू सैल करतं.

सुरक्षिततेचा प्रश्न इथे येतो, आणि तो औषधागणिक बदलतो. अ‍ॅड्रिनॅलिनसारखं वागणारं औषध गर्भाशयाशीच बोलून थांबत नाही. ते हृदयाशीही बोलतं. छातीत धडधड, हातांना कंप, रक्तातली साखर वर, पोटॅशियम खाली. क्वचित आईच्या फुप्फुसांत पाणी साचतं. जुळी असतील आणि सलाइन जास्त गेलं असेल तर हा धोका वाढतो. याच कुळातल्या रिटोड्रिनला अमेरिकेत १९८०मध्ये मान्यता मिळाली होती. १९९२मध्ये कॅनडातल्या ७०८ मातांवरच्या चाचणीने दाखवलं की ते बाळंतपण एक-दोन दिवस लांबवतं, पण बाळांचे मृत्यू कमी करत नाही. पुढे ते अमेरिकेतल्या बाजारातून गेलं. टर्ब्युटलीनबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११मध्ये कडक इशारा दिला: इंजेक्शन दोन-तीन दिवसांपलीकडे नको आणि कळा थोपवण्यासाठी गोळी तर मुळीच नको, कारण आयांना हृदयाचे गंभीर त्रास आणि मृत्यूही झाले होते. २०१३मध्ये युरोपच्या औषध यंत्रणेने या कुळातल्या, पोटातून घ्यायच्या औषधांचा प्रसूतीसाठीचा वापर बंद करायला सांगितलं. इंजेक्शन फक्त ४८ तास, तेही रुग्णालयात, देखरेखीखाली.

मग आपल्याकडे आठवडेच्या आठवडे घेतल्या जाणाऱ्या या गोळ्यांचं काय? इथे मला एका आकड्याचं फार महत्त्व वाटतं. अकाली कळांसाठी रुग्णालयात भरती झालेल्या बायकांपैकी सुमारे निम्म्या जणी पुढे दिवस भरूनच बाळंत होतात. ज्या कळा आपोआपच शमणार होत्या त्यांचं श्रेय हाताशी असलेल्या गोळीला जातं. शेजारणीला ती लागू पडली, म्हणून आपल्यालाही पडेल, असं घरोघर वाटतं. डॉक्टरांनाही वाटतं, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर बाई बरी होऊन गेलेली असते. खरा फरक कळतो तो अर्ध्या जणींना औषध आणि अर्ध्यांना नुसती दिसायला तशीच गोळी देऊन पाहिल्यावरच. निफेडिपिन आणि अटोसिबान आज अधिक पसंत केली जातात ती अशा तुलनांतून. निफेडिपिनने रक्तदाब उतरू शकतो, डोकं दुखतं, चेहरा तापतो. अटोसिबानचा त्रास सर्वांत कमी, किंमत बरीच जास्त.

इंडोमेथासिनची गोष्ट वेगळी आणि विलक्षण आहे. पोटातल्या बाळाच्या हृदयाजवळ एक जास्तीची रक्तवाहिनी असते. फुप्फुसं कामाला लागलेली नसल्यामुळे रक्त त्यांना वळसा घालून या वाटेने जातं. ती उघडी ठेवण्याचं काम प्रोस्टाग्लँडिन करतं. तेव्हा कळा थांबवण्यासाठी प्रोस्टाग्लँडिन तोडायला गेलं की ही वाट पोटातच आखडू शकते. बाळाची लघवी कमी होऊन गर्भजलही घटू शकतं. म्हणून ३२ आठवड्यांनंतर हे औषध टाळतात. हीच गोष्ट घरातल्या डब्यातल्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकांनाही लागू आहे. कंबर दुखते म्हणून शेवटच्या महिन्यांत ती मेडिकलमधून आणून घेऊ नयेत, याचं कारण ही बोटभरही नसलेली रक्तवाहिनी आहे. डॉक्टरांनी ठरवून दिलेली अ‍ॅस्पिरिनची अगदी छोटी मात्रा याला अपवाद. ती स्वतःहून बंद करू नये.

मॅग्नेशियम सल्फेट कळा थांबवायला फारसं उपयोगी नाही, पण ३२ आठवड्यांच्या आत जन्म अटळ दिसत असेल तर ते बाळाच्या मेंदूला जपतं, सेरेब्रल पाल्सीचा धोका कमी करतं. देताना आईचा श्वास, लघवी आणि गुडघ्याचा झटका वरचेवर तपासतात. तेच औषध पाच-सात दिवस सलग दिलं तर बाळाच्या हाडांना अपाय होऊ शकतो. औषध तेच, दिवसांच्या हिशेबाने एकदा राखण करणारं, एकदा घातक.

या क्षेत्रात सावधपणा एवढा का, याला इतिहास आहे. डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल नावाचं संप्रेरक गर्भ टिकावा म्हणून अमेरिकेत लक्षावधी बायकांना दिलं गेलं. १९५३मध्येच शिकागोतल्या चाचणीने ते निरुपयोगी ठरवलं होतं. तरी ते चालू राहिलं. १९७१मध्ये उघड झालं की त्या बायकांच्या मुलींना, पोटात असताना मिळालेल्या औषधामुळे, तरुणपणी योनिमार्गाचा दुर्मिळ कॅन्सर होतोय. त्या मुलींपैकी कितीजणींच्या आयांनी ती गोळी बाळासाठीच, मनापासून, वेळच्या वेळी घेतली असेल.

आता शेवटच्या महिन्यांकडे येऊ, म्हणजे ३४ आठवड्यांच्या पुढे. इथे उत्तर बहुतेकींना धक्का देणारं असतं: कळा खऱ्या असतील तर सहसा थांबवतच नाहीत. फुप्फुसं बऱ्यापैकी तयार झालेली असतात, त्यामुळे मिळणारा फायदा लहान आणि औषधाची जोखीम मात्र तेवढीच राहते. शिवाय गर्भाशय बाळाला वेळेआधी बाहेर ढकलतं तेव्हा कधीकधी त्याला सबळ कारण असतं. आत जंतुसंसर्ग झालेला असतो, वार सुटू लागलेली असते, आईचा रक्तदाब भलताच चढलेला असतो. अशा वेळी कळा दाबणं म्हणजे बाळाला धोक्याच्या जागी कोंडून ठेवणं. ताप, रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त पाणी, बाळाच्या ठोक्यांत बिघाड, यांपैकी काही असेल तर डॉक्टर औषध देत नाहीत ते यासाठी. याचा अर्थ ३५व्या आठवड्यातलं बाळ पुरतं तयार असतं असा नव्हे. त्याला दूध ओढायला त्रास होतो, ते लवकर गार पडतं, साखर उतरते, कावीळ वाढते. अमेरिकेत २०१६मध्ये ३४ ते ३६ आठवड्यांच्या गरोदर बायकांना स्टेरॉइड देऊन पाहिलं, तर बाळांचा श्वासाचा त्रास घटला, पण रक्तातली साखर उतरण्याचं प्रमाण १५ वरून २४ टक्क्यांवर गेलं.

जाता जाता एका जुन्या समजुतीबद्दल. सातव्या महिन्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही, असं आपल्याकडच्या आज्या सांगत आल्या; प्राचीन ग्रीक वैद्यांचाही हाच समज होता. ते खरं नाही. पोटात काढलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या बाजूने असतो, आठव्या महिन्यातलाही.

लिगिन्स यांच्या इंजेक्शनाची खरी कसोटी मात्र पुढे लागली, आणि ती आपल्या मुलखात लागली. हे इंजेक्शन स्वस्त, साठवायला सोपं. मग गावोगाव का देऊ नये? सहा देशांत मोठी चाचणी झाली. त्यातली भारतातली दोन केंद्रं नागपूर आणि बेळगाव. आरोग्य कर्मचाऱ्यांना धोक्यातल्या गरोदर बायका ओळखायला शिकवलं, त्याच जातीच्या डेक्सामेथासोनचा संच हाती दिला. सुमारे एक लाख जन्मांची नोंद झाली. २०१५मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेला निष्कर्ष कुणालाच अपेक्षित नव्हता. अगदी कमी वजनाच्या बाळांत फायदा दिसला नाही, आणि एकंदर नवजात मृत्यू ज्या भागांत ही मोहीम राबवली तिथे हजार जिवंत जन्मांमागे २७.४ झाले, जिथे राबवली नाही तिथे २३.९. आयांमध्ये जंतुसंसर्गाची शंकाही जास्त. तारीख नीट ठाऊक नसल्यामुळे कितीतरी अशा बायकांना इंजेक्शन मिळालं ज्यांची बाळं मुळात अकाली येणारच नव्हती. आणि खरोखर लवकर आलेल्या बाळांसाठी पुढे उबेची, प्राणवायूची, जंतुसंसर्गावरच्या उपचारांची सोय नव्हती.

हे औषध मग वाईट? जागतिक आरोग्य संघटनेने पुन्हा चाचणी घेतली. भारतासह पाच देश, २९ रुग्णालयं, २,८५२ बायका. या वेळीही बेळगाव होतं. पण अटी कडक होत्या. गरोदरपणाचे आठवडे सोनोग्राफीने पक्के केलेले, २६ ते ३४ आठवड्यांच्या आत, प्रसूती ४८ तासांत होण्याची दाट शक्यता, संसर्ग नाही, आणि रुग्णालयात बाळाला श्वासाची मदत देण्याची व्यवस्था. २०१९मध्ये ही चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली, कारण फायदा इतका स्पष्ट होता: नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर. दर २५ बायकांना औषध दिलं की एक बाळ वाचतं. डेक्सामेथासोन तेच आणि बेळगावही तेच होतं. बदलले होते ते तारखेचे पुरावे आणि रुग्णालयाच्या भिंती. औषध सुरक्षित आहे का, या प्रश्नाचं इतकं नेमकं उत्तर मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. ते कुठल्या आठवड्यात दिलं आणि बाळ कुठल्या दाराआड जन्मलं, यावर ते अवलंबून आहे.

भारत सरकारच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचना २४ ते ३४ आठवड्यांसाठी आहेत: डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, बारा तासांच्या अंतराने चार वेळा. एएनएम ताईंनाही पहिलं इंजेक्शन देऊन बाईला पुढच्या रुग्णालयात पाठवण्याची मुभा आहे. वसई-विरारसारख्या ठिकाणी हे 'पुढे पाठवणं' कळीचं आहे. महापालिकेचं वसईतलं डी. एम. पेटिट रुग्णालय आहे, नालासोपाऱ्यात तुळींजचं आहे, बंगलीचं कार्डिनल ग्रेशस आहे, खासगी प्रसूतिगृहं तर गल्लोगल्ली. पण ३० आठवड्यांच्या बाळाला लागणारी व्यवस्था प्रत्येक ठिकाणी नसते, आणि कितीदा मुंबई गाठावी लागते. चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर. रस्त्याने निघालं तर महामार्गावरच्या वर्सोवा पुलावरून वसईची खाडी ओलांडायची आणि पुढची वाहतूक नशिबावर. अशा वेळी बाळाने काचेच्या पेटीत अ‍ॅम्ब्युलन्समधून जाण्यापेक्षा आईच्या पोटात बसून जाणं कितीतरी सुरक्षित. जगातला कुठलाही फिरता इन्क्युबेटर गर्भाशयाची बरोबरी करत नाही. कळा थोपवणाऱ्या औषधाचं दुसरं मोठं काम ते हेच.

२०२५मध्ये युरोपातल्या एका चाचणीने दाखवलं की ३० ते ३४ आठवड्यांत अटोसिबान दिल्याने आणि न दिल्याने बाळांच्या प्रकृतीत फरक पडला नाही. ही चाचणी महत्त्वाची आहे. तरी माझ्या मते ती जशीच्या तशी इथे लावताना विचार करावा लागेल. ज्या बाईला आधी खाडी ओलांडायची आहे, तिच्यासाठी काही तासांना वेगळा भाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५मध्ये नको म्हटलेल्या, कळा थोपवण्याच्या उपचाराला २०२२मध्ये, निफेडिपिनपुरतं आणि अटींसह, दार उघडलं.

काही बायकांच्या बाबतीत कळांचा प्रश्नच नसतो. पिशवीचं तोंड आपणहून, न दुखता उघडत जातं आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात बाळ हातचं जातं. त्यांच्यासाठीचा उपाय जगाला मुंबईने दिला. गोव्यातल्या शिरोडा गावी १८९९ साली जन्मलेल्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांनी १९५५मध्ये तो प्रसिद्ध केला: बाईच्याच मांडीतल्या स्नायूवरच्या आवरणाची पट्टी काढून पिशवीच्या तोंडाभोवती आवळायची. आज पट्टी कृत्रिम असते, पण जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत टाका अजूनही शिरोडकरांच्या नावाने घातला जातो, आणि दिवस भरत आले की काढला जातो. सोनोग्राफीत तोंड आखूड दिसलं तर योनिमार्गे द्यायचं प्रोजेस्टेरॉन हाही आता एक चांगला पर्याय आहे. याच कामासाठी अमेरिकेत विकलं जाणारं प्रोजेस्टेरॉनच्या कुळातलं एक इंजेक्शन मात्र उपयोग सिद्ध न झाल्याने २०२३मध्ये मागे घेतलं गेलं. आणि सक्तीची पलंगावरची विश्रांती? तिने अकाली प्रसूती टळते असा पुरावा नाही. पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका मात्र वाढतो.

बाळ लवकर आलंच, तर पुढची लढाईही मुंबईत शिकता येते. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९मध्ये आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. ज्या आयांना दूध येतं त्यांचं दूध ज्यांना अजून आलेलं नाही त्यांच्या बाळांना. आणि उघड्या छातीवर बाळाला कातडीला कातडी लावून तासन् तास धरणं, कांगारू माता काळजी, हे तर कुठल्याही घरात करता येतं. वडील करू शकतात, आजीही करू शकते.

दिवस भरायच्या आधी, ३७ आठवड्यांच्या आत, कळा ठरावीक अंतराने आणि वाढत्या जोराने येत असतील, पाणी किंवा रक्त जात असेल, ताप असेल, बाळाची हालचाल कमी वाटत असेल, तर गोळी शोधत बसू नये. रुग्णालय गाठावं, गाडी नसेल तर १०८ फिरवावा. लघवीतला साधा जंतुसंसर्गही कळा सुरू करतो आणि तो तपासणीत पकडता येतो. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडे रीत आहे. सातव्यात डोहाळजेवण होतं आणि मुलगी नालासोपाऱ्याहून जळगावला, वसईहून सावंतवाडीला जाते. जाताना साड्या, बाळंतविडा, लाडवांचे डबे सगळं बांधलं जातं. त्यात पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीचा कागद सर्वांत वर ठेवावा. शेवटच्या पाळीची तारीख आठवणीत मागेपुढे होते. त्या कागदावरचे आठवडे होत नाहीत. रात्री दोन वाजता अनोळखी रुग्णालयातल्या डॉक्टरला इंजेक्शन द्यायचं की नाही, कळा थोपवायच्या की येऊ द्यायच्या, हे त्या एका आकड्यावरून ठरवायचं असतं.